खिडकी, नळी, केस

पियुष, ती शेगडी बंद कर. आधी बंद कर म्हणतो ना! नको मला तुझा चहा.

आधी बटण फिरवलंस आणि मग लायटर शोधायला निघालास. लायटर निघाला टीव्हीच्या मागे. तोवर शेगडी सूऽ करत बसलेली आणि तू तिच्यासमोर उभा राहून मला विचारतोस, "आबा, लायटर कुठी ठेवला?" हसू नको. कुलदीप, तूही दात काढू नको. तुझ्या घरी काय वेगळं चालत असेल ते मला ठाऊक आहे.

ती खिडकी उघडा आणि दोघंही इकडे अंगणात या. शेकोटीतलं ते ऐनाचं लाकूड जरा पुढे सरकव. नाटकाला अजून पुष्कळ वेळ आहे. पडदा दहाला उघडणार म्हणतात, आणि आपल्या झाडीपट्टीतले दहा म्हणजे साडेअकरा. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. खरी आहे. माझ्या ओळखीच्या माणसांची आहे, आणि त्यातली माणसं अजून या गावात राहतात, म्हणून उद्या चौकात जाऊन बोंबलत बसू नका.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा सांगताना सरळ भाषेत सांगेन. मध्येच माझ्या तोंडात आपली झाडी बोली आली, तर समजा की हा म्हातारा रागावला. नाहीतर घाबरला.

आपलं हायस्कूल तुम्हाला माहीत आहे. मैदानाच्या त्या टोकाला, नाल्याकडे तोंड करून जी शेवटची खोली आहे ती लॅब. तुम्ही आता तिथे मोबाइलवर प्रयोग बघता, पण पूर्वी तिथे इंदुताई नावाच्या बाई होत्या. विज्ञान शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, आणि आवाज असा की लॅबमध्ये ओरडल्या तर माझ्या वर्गातली कविता थांबायची. त्या चिडक्या, मीही चिडका. आमचं कधी जमलं नाही. तरी एक सांगतो, त्या बाईइतकी शिस्तीची मास्तरीण मी दुसरी पाहिली नाही.

गॅसच्या बर्नरला हात लावण्याआधी त्या पोरांकडून पाच शब्द म्हणवून घ्यायच्या. खिडकी, नळी, केस, काडी, गॅस. सगळ्या वर्गाने, मोठ्याने. आधी खिडक्या उघडा. मग रबराची नळी हाताने चाचपून पाहा, कुठे चिरली नाही ना, सुटली नाही ना. मग केस बांधा. मग काडी पेटवा. आणि काडी पेटलेली हातात असेल, तेव्हाच गॅस सोडा. उलटं कधीच नाही. मी स्टाफरूममध्ये चिडवायचो, "बाई, विज्ञान शिकवता की सत्यनारायण सांगता?" बाई म्हणायच्या, "सर, तुमच्या कवितेनं कोनी जळत नाई. माह्या तासाले जळू शकते."

आणि एकदा जळलंच.

बर्नरची ज्योत दोन तऱ्हेची असते. खालचं कडं फिरवून हवेचं भोक बंद ठेवलं की ज्योत पिवळी, लवलवणारी, लांबून दिसणारी. भोक उघडलं की ती निळी होते, कडक होते, आणि उन्हात मुळीच दिसत नाही. म्हणून बाईंचा नियम होता की थांबायचं असेल तर ज्योत पिवळी करून थांबा. त्या दुपारी कोणीतरी निळी ज्योत तशीच सोडून हात धुवायला गेलं. टेबलावर ऊन पडलेलं. नववीतली साधना नावाची पोर समोरची काचेची नळी घ्यायला वाकली. तिची एक वेणी सुटली होती आणि मरून रंगाच्या फितीचं टोक खाली लोंबत होतं. तेव्हा मुलींना मरून फिती होत्या.

फीत नायलॉनची. ती जळता जळता वितळते आणि चिकटते. साधनाची किंकाळी मी माझ्या वर्गात ऐकली आणि धावलो. मी पोचलो तेव्हा बाईंनी तिची पेटती वेणी उघड्या उजव्या हाताने मुठीत धरली होती. विझेपर्यंत सोडली नाही. साधनाचे निम्मे केस गेले आणि कानामागे एक डाग राहिला, बाकी पोर वाचली. बाईंचा तळहात मात्र गेला. फीत त्याला चिकटून बसली होती. वडश्याच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी चिमट्याने ती सोडवली, एक टोक जळून गोळा झालेली, वीतभर उरलेली मरून फीत, आणि बादलीत टाकली. माझ्या डोळ्यांसमोर टाकली. हे नीट लक्षात ठेवा.

बाईंच्या त्या हाताची तीन बोटं पुढे कधी वळली नाहीत. सरळच राहिली, काठीसारखी. खडूही मग त्या डाव्या हाताने धरायच्या.

तेव्हापासून त्यांनी एक नवीनच सुरू केलं. पोरींचे केस त्या स्वतः बांधायच्या. दाराशी उभ्या राहायच्या, एकेकीला पाठमोरी करायच्या, केस ओढून घट्ट आवळायच्या, डाव्या हाताने दोनदा पीळ देऊन गाठ मारायच्या आणि खांद्यावर दोन थापा द्यायच्या. मग आत जायचं. ती गाठ उलटी पडायची. पोरी म्हणायच्या, बाईची गाठ घरी आईच्यानंही सुटत नाई. साधनाचे केस पुन्हा वाढले, तेव्हा दहावीचं अख्खं वर्ष तिने त्या हातांची गाठ बांधून घेतली.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी गेल्या. आजारपणात, बिछान्यावर, जसं मरण येतं तसं. त्यात काही नव्हतं. साधनाचं लग्न याच गावात झालं. तिच्या घरी गॅस आला त्या दिवसापासून ती रोज सकाळी शेगडीसमोर उभी राहून पुटपुटते, खिडकी, नळी, केस, काडी, गॅस. नवरा हसतो. पण तिची मुलगी दिव्यानी ते ऐकतच मोठी झाली. कोणी देवाचं नाव ऐकत मोठं होतं, ही पोर हे ऐकत झाली. बाईंना मात्र तिने कधी नीट पाहिलेलं नव्हतं. बाई गेल्या तेव्हा ती दुसरीत की तिसरीत होती.

आता ती रात्र.

पौषातल्या अवसेची आदली रात्र. बुधवार. दिवसा आपल्या गावचा शंकरपट झाला होता, बैलजोड्या पळून झाल्या होत्या, सगळ्या घरी पाहुणे, आणि रात्री मैदानावर गावच्या मंडळाचं नाटक. मी नेहमीप्रमाणे प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, पोथी मांडीवर, आणि पाटलाचं काम करणारा वाक्य विसरला की त्याच्या पाठीत आवाज सोडायचा. दोघी नट्या वडश्याहून बोलावलेल्या. त्यांना रंगायला बंद खोली पाहिजे, म्हणून दरवर्षी लॅब देतो आपण. तिथे बेसिन आहे, पाणी आहे, दाराला कडी आहे. खिडक्या चार, पण चारही कायमच्या बंद. वांदरं आत शिरून बरण्या फोडायची म्हणून शाळेने बोल्टांवर तार पिळून ठेवली होती. ती तार गंजून बोल्टाशी एक झालेली.

मंडळाचा सगळा भार निकेशवर. पंचविशीतला पोरगा, कामाचा, पण घाईचा. नट्या म्हणाल्या, घसा बसला, थोडा चहा मिळाला तर बरं होईल. बाहेरून चहा आणेपर्यंत थंड होणार, म्हणून या शहाण्याने लॅबच्या बर्नरवरच चहाचं पातेलं चढवलं. असं आपणच करू शकतो बाबा. शाळेचं ते गावाचं, आणि गावाचं ते नाटकाचं. तेवढ्यात जनरेटर खोकायला लागला म्हणून निकेशला हाक आली. तो गेला. मग घंटा झाली, चहा तसाच ठेवून नट्याही उठल्या. शाळेकडची लाइन दुपारपासून गेलेली होती, तेव्हा बॅटरीचा दिवा होता तो त्यांनी सोबत घेतला, दार ओढून बाहेरून कडी घातली आणि स्टेजकडे गेल्या.

चहा उतू गेला. ज्योत विझली. बटण उघडंच राहिलं.

हे आम्हाला मागाहून कळलं. तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे पुढे ती पोर कुठे पाय टाकत होती ते तुमच्या ध्यानात राहील. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, जमिनीवर बसतो, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत चढतो. अंधारात, बंद खोलीत, दोन अंक होईपर्यंत तो भरत राहिला.

दिव्यानी दहावीत होती. शेवटच्या अंकात तिला देवी व्हायचं होतं. बोलायचं काही नाही, फक्त हात वर करून उभं राहायचं. तेवढ्यासाठी ती महिनाभर हरखलेली. केस कमरेपर्यंत, ते मोकळे सोडलेले. सर्दीने नाक असं चोंदलेलं की ती तोंडाने श्वास घेत होती. तिचा मोबाइल तिच्या आईकडे. साधना पहिल्या रांगेत, लेकीचा फोटो काढायला दोन्ही हातांत मोबाइल धरून बसलेली. दिव्यानीच्या मुठीत काडीपेटी होती, कारण स्टेजवर येण्याआधी आरतीचं निरांजन तिचं तिलाच पेटवायचं होतं.

दुसरा अंक संपत आला आणि मला मागून कुजबुज ऐकू आली.

"बाई वो, माहा मुकुट लॅबमंदीच राह्यला."

"मग आन ना पटकन. टॉर्च घेऊन जाय कोनाचा."

"काडीपेटी हाये ना मापाशी."

आणि पायातली पैंजणं वाजवत ती गेली. माझे डोळे पोथीवर. पाटील पुन्हा वाक्य विसरला होता.

इथून पुढचं तिने मला सांगितलं. तिने सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

मैदान ओलांडून ती वऱ्हांड्यात आली. मागे स्पीकरवर विनोदी प्रवेश चाललेला, लोक हसत होते. वऱ्हांड्यात मात्र काळोख. आपल्याकडे आता वाघाच्या भीतीने अंधार पडल्यावर नाल्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून ती भिंतीला धरून झपझप चालली. लॅबची कडी तिने चाचपून काढली. दार ढकललं. आत गेली.

दार तिच्यामागे हळूच पुन्हा टेकलं. त्या दाराला ती खोडच आहे.

आत काहीच दिसत नव्हतं. मुकुट मधल्या मोठ्या टेबलावर ठेवला होता एवढं तिला आठवत होतं. ती तीन-चार पावलं पुढे गेली. टेबलाची कड हाताला लागली. कुठूनतरी बारीक सूऽ असा आवाज येत होता. तिला वाटलं, जनरेटर. नाकाला वास येईना. नाकच नव्हतं तिला त्या दिवशी.

तिने काडीपेटी उघडली. एक काडी काढली. काडीचं डोकं पेटीच्या बाजूला टेकवलं.

खट्.

ती थांबली.

आवाज डावीकडून आला होता. टोकाच्या खिडकीकडून. लोखंडी बोल्ट मागे सरकतो, तसा.

"कोन हाये?"

बाहेर लोक पुन्हा हसले. तिला वाटलं, वांदर असेल. पण वांदर रात्री झाडावरून उतरत नाही, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि वांदर पिळलेली तार सोडत नाही.

खट्.

दुसरी खिडकी. तिच्या गालाला थंड वारा लागला.

पावलांचा आवाज नाही. बांगडी नाही. श्वास नाही. फक्त कोणीतरी भिंतीकडेने फिरत होतं... घाई नाही... रोजचं काम करावं तसं.

खट्.

आता आवाज समोर होता.

"निकेशभाऊ? ... मस्करी नोका करू ना..."

खट्.

चौथी खिडकी तिच्या उजव्या हाताला, चार हातांवर. तिथे कोणी उभं असतं, तर ताऱ्यांच्या उजेडात आकार दिसायला हवा होता. तिने पाहिलं. खिडकी उघडी होती. खिडकीत तारे होते. मध्ये कोणी नव्हतं.

आणि मग, ती म्हणाली, माह्या डोक्यात आपोआप एक शब्द आला सर. आई रोज म्हणते तो.

खिडकी.

त्याच्या पुढचा शब्द तिला माहीत होता. तो तिला नको होता. पण तोही आला.

नळी...

टेबलाखाली आवाज झाला. सर्र... रबरावरून कोणी तळहात फिरवत आणतं ना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत... चाचपत... तसा. मग बटण फिरलं. कट्.

आणि तो सूऽ आवाज बंद झाला.

तो किती मोठा होता, हे तिला तो थांबल्यावर कळलं. खोली एकदम रिकामी झाली.

काडी अजून पेटीला टेकलेली होती. हात थरथरत होता. नुसत्या थरथरण्याने काडी घासली असती... तिला ते माहीत नव्हतं. तिला फक्त उजेड हवा होता. एक काडी ओढली की दिसेल कोण आहे ते. असं तिला वाटत होतं, बाबांनो. उजेड झाला की भीती जाईल.

पण पुढचा शब्द यायचा होता.

तिचे केस पाठीवर मोकळे होते. कमरेपर्यंत. तिला ते अचानक जाणवले. एकेक केस जाणवला.

पळ, असं मन म्हणालं.

केस...

मानेला बोटं लागली.

गार नव्हती. हे तिने मला दोनदा सांगितलं. गार नव्हती सर, कोरडी होती. दोन्ही कानांच्या मागून त्यांनी केस गोळा केले. एक हात नीट वळत होता. दुसरा... दुसऱ्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. सरळच. काठीसारखी मानेला टोचत होती. अंगठ्याने आणि एका बोटाने तो हात काम करत होता.

केस ओढले गेले. घट्ट. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग काहीतरी गुंडाळलं. एक वेढा. दुसरा. पीळ... पुन्हा पीळ... गाठ.

मागे श्वास नव्हता. ती म्हणाली, एवढ्या जवळ मानूस असला तर श्वास लागते ना सर मानेले. नाई लागला.

आणि मग चौथा शब्द.

काडी.

तिने डोळे मिटून घेतले. तिची मूठ कोणीतरी उघडत होतं. सावकाश. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. लहान पोराच्या हातातून सुरी काढून घेतात ना, न रागावता, तसं. काडी गेली. मग पेटी गेली.

ती वाट पाहत राहिली पाचव्या शब्दाची.

तो आला नाही. दोन हातांनी तिला खांद्याला धरून वळवलं. टेबलाकडे नाही... दाराकडे. आणि खांद्यावर दोन थापा पडल्या.

जा.

शब्द नाही हो. थापाच.

तिसरा अंक सुरू होता. देवी प्रकट व्हायची वेळ झाली, आणि पोर विंगेतून आली ती मुकुटाशिवाय. हातात निरांजन नाही. आणि केस पाठीमागे आवळून बांधलेले. मी विंगेतून फिस्कारलो, "पोट्टे, केस काऊन बांधले वो? सोड ते!" तिने ऐकलंच नाही. हात वर करून उभी राहिली. डोळे असे की समोरच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी मला लोक म्हणाले, सर, यंदाची देवी एकदम खरी वाटली. काय सांगणार त्यांना?

पडदा पडला तरी तिचा हात खाली येईना. मी आणि एका नटीने तिला धरून स्टुलावर बसवलं. पाणी पाजलं. मग तिने तुटक तुटक सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं ते. नटी म्हणाली, भ्याली पोरगी, अंधारात होते असं. मीही तेच म्हणालो असतो. पण ती त्या तीन बोटांचं बोलली आणि मला पाणी प्यावंसं वाटलं.

निकेश ऐकत उभा होता. "लॅब" म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. टॉर्च घेऊन तो पळाला. मी ओरडलो, "काही पेटवू नको रे! कोनतं बटन दाबू नको!" का ओरडलो कुणास ठाऊक. तो परत आला तो चालत आला. आला आणि मातीतच बसला.

"सर... वास येऊन राह्यला अजून. म्याच चढवला होता चाहा. उतू गेला... पार बर्नरवर वाळला हाये. म्या बटन बंद नोतं केलं सर. आईची शप्पत, नोतं केलं."

"आता कसं आहे बटण?"

"बंद."

"आणि खिडक्या?"

त्याने टॉर्च मातीत ठेवला.

"चारी उघड्या. तारा सोडून, गुंडाळून, टेबलावर ठेवल्या हायेत."

असं म्हणून तो एवढा पोरगा गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. मला त्याचा राग आला होता, दोन कानफटात द्याव्या असा. पण त्याची दशा पाहून हात उचलला नाही. एक काडी ओढली असती तर, हे त्याला कळलं होतं. तेवढी शिक्षा त्याला जन्माला पुरेल.

तुम्ही आता विचाराल, पोरीनेच घाबरून खिडक्या उघडल्या असतील, तिला आठवत नसेल. असं गावात शहाणे म्हणतातच. मीही रात्रभर तेच धरून बसलो असतो. गंजलेली तार, पोरीची नखं, एकही मोडलेलं नाही, तरी म्हणालो असतो. माणूस काहीतरी धरून बसतोच.

पण साधना आली.

मोबाइल हातात, फणफणत आली. "काऊन वो, एवढे केस वाढवले, महिनाभर तेल लावलं, अन् बांधून काऊन उभी राह्यली? फोटो कसा येईन?" आणि तिने लेकीला खांद्याला धरून पाठमोरी केली, केस सोडायला.

तिचा हात गाठीवर गेला. आणि तिथेच राहिला.

आम्ही सगळे बघत होतो. ती गाठ चाचपत होती. उलटी पडलेली, दोनदा पीळ दिलेली गाठ. मग तिने मोबाइलचा उजेड पाडला. फीत मरून होती. आपल्या शाळेत मुलींच्या फिती किती वर्षांपासून पांढऱ्या आहेत, तुम्हीच सांगा. गावात कोणत्या दुकानात मरून फीत मिळते?

वीतभर होती ती. तेवढीच. आणि एक टोक जळून गोळा झालेलं.

साधनाचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या कानामागे गेला. त्या डागावर. तिने लेकीला तसंच पाठमोरं जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर गाल टेकवला आणि हमसून रडली. "बाई..." एवढंच म्हणत होती. "बाई वो..." देवाला कोणी हाक मारणार नाही अशी हाक होती ती.

ती गाठ तिने सोडली नाही, कोणाला सोडूही दिली नाही.

मी मात्र त्या फितीकडे पाहत होतो. बादलीत पडताना पाहिलेली ती. वर्षांमागून वर्षं गेली... बादली गेली... तो डॉक्टर गेला... बाई गेल्या. मला वाटलं, हात लावून पाहावा. खात्री करावी. मी पुढे झालो आणि त्या जळक्या टोकाला बोट लावलं.

पौषातली रात्र होती. आमच्या तोंडातून वाफ निघत होती. स्टेजच्या लोखंडी खांबाला हात लावला तर चटका बसावा इतका तो गार.

अन् ते टोक... गरम होतं गा. मऊ होतं. आत्ताच कोनी मुठीत धरून इझवल्यावानी... गरम होतं.